एक-मॉडेल मोटारशर्यत
एकाच मॉडेलच्या मोटारींची, यंत्रापेक्षा चालकाचा कस पाहणारी शर्यत. अमेरिकी क्लबांतील ‘स्पेक मियाटा’ हा तिचा ठळक नमुना. १९८९ मध्ये बाजारात आलेली माझदाची मियाटा ही दोन आसनी उघडी मोटार जुनी होऊन स्वस्त झाली, तशी हौशी चालकांच्या हाती आली. सस्पेन्शन, टायर सर्वांना सारखेच, १.६ आणि १.८ लिटर इंजिनांतली तफावत किमान वजन ठरवून आणि हवेच्या वाटेत भोकाची चकती बसवून मिटवतात. स्वस्त, तेही शर्यतीच्या मानाने; पत्रा चेपला की खिसा हलका होतोच. भारतात फोक्सवॅगनने २०१० मध्ये डिझेल ‘पोलो कप’ सुरू केला.  त्यात शर्यतीच्या मोटारी मात्र कंपनीच्याच मालकीच्या. चालकाने शुल्क भरून भाग घ्यायचा. २०१५ मध्ये पोलोची जागा व्हेंटोने घेतली.