प्रिया साताऱ्याची, चेतक आकुर्डीची

आपल्या उंब्रजात पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, प्रिया भारी का चेतक? वाद ठरलेलाच. पण यातली एक स्कूटर आपल्याच जिल्ह्यात तयार व्हायची, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं.

दोघींचं मूळ इटलीच्या व्हेस्पात. बजाजचा पियाजिओ कंपनीशी असलेला करार १९७१ ला संपला आणि १९७२ ला चेतक आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, घाट व्हेस्पा स्प्रिंटचा. प्रियाचा घाट त्याआधीच्या बजाज १५० चा. बाकी टू-स्ट्रोक इंजिन, डाव्या मुठीत गिअर, पेट्रोलमध्ये ऑइल, आणि सुरू होईना की बाजूला कलवून पुन्हा किक, हे दोघींचं सारखंच.

खरा फरक मालकीचा. तेव्हा किती स्कूटर काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरायचं, आणि चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. अशा काळात, १९७५ ला, राज्य सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेड काढली. महामंडळाचा वाटा २७ टक्के, बजाजचा २४, बाकी इतर भागधारकांचा. कारखाना साताऱ्यात. चेतक खासगी कंपनीची, पण प्रियात सरकारचा म्हणजे तुमचा-आमचाही वाटा होता.

पुढं मोटारसायकलींनी बाजार खाल्ला. २००६ ला साताऱ्यातलं स्कूटरचं उत्पादन थांबलं, जुनी चेतकही बंद झाली. पण महाराष्ट्र स्कूटर्स कंपनी संपली नाही. तिच्याकडं बजाज समूहातल्या कंपन्यांचे शेअर होते, त्यांची किंमत वाढतच गेली.

इकडं २००३ लाच सरकारनं आपला वाटा बजाजला विकायचं ठरवलं होतं. भावावरून वाद झाला. लवादानं २००६ ला शेअरला १५१.६३ रुपये भाव ठरवला. मग कोर्टकचेरी, पार सुप्रीम कोर्टापर्यंत. २०१९ ला शेअर बजाज समूहाकडं गेले, तेव्हा बाजारात त्याच शेअरचा भाव हजारांत होता.

यात कंपनीला दोष द्यायचा नाही. तिनं कायद्यानं लढून आपलं हित बघितलं. आपलं हित बघणारं कोण होतं, हा प्रश्न आहे. उद्या दुसरा कुठला सरकारी वाटा विकायला निघाला, तर भाव कोणत्या तारखेचा आणि पैसा जिल्ह्यात येणार का, हे सही व्हायच्या आधी विचारायला पाहिजे. नंतर विचारून उपयोग नसतो.

२०२० ला चेतक विजेवर परत आली. प्रिया काही आली नाही, आणि आपली पोरं अजून कामासाठी हायवेनं पुण्याचीच गाडी धरतात.

तुमच्या दारात प्रिया होती का? फोटो असेल तर खाली टाका.