तळटीप: ‘उपभोक्ता आयोगात जायचं ठरलं’

‘उपभोक्ता आयोग’ हा जबलपूरच्या मराठी घरांत रुळलेला हिंदी शब्द. आपल्याकडचा जिल्हा ग्राहक आयोग. आत्याबाईंवर उपचार झाले नागपुरात, तरी तक्रार जबलपुरात दाखल झाली, हे वाचकाला खटकेल. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदाराच्या राहत्या गावी दाद मागण्याची सोय नव्हती. २०१९च्या कायद्याने ती दिली. तक्रारीची मुदत दोन वर्षांची. डॉक्टरांची सशुल्क सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरवून दिले.

मात्र निदान चुकले एवढ्याने दावा उभा राहत नाही. साधारण कुशल डॉक्टरने ज्या तपासण्या केल्या असत्या त्या केल्या का, हे पाहिले जाते. इथे व्ही. किशन राव खटला (२०१०) आठवतो. हैदराबादेत थंडी वाजून येणाऱ्या तापावर टायफॉइडचे उपचार झाले, रुग्ण स्त्री दगावली. ताप मलेरियाचा होता. तिचा नवरा मलेरिया खात्यातच अधिकारी होता, हे वाचताना आजही गलबलून येते. चूक उघड असेल तर तज्ज्ञाची साक्ष हवीच असे नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या जिल्हा ग्राहक मंचाने दिलेली दोन लाखांची भरपाई कायम केली.

केसपेपर मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ते आधी हाती घ्यावेत. आत्याबाईंची फाइल मी पाहिली. टायफॉइडसाठीच्या विडाल चाचणीचा अहवाल तीत आहे, मलेरियासाठी रक्त तपासल्याचा एकही कागद नाही. — संपादक