घशाचा जंतुसंसर्ग आणि हृदयाची झडप : एका वैद्यकीय धारणेचा इतिहास

स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे होणारा घशाचा संसर्ग आणि अनेक वर्षांनी आढळणारा हृदयाच्या झडपांचा विकार यांचा संबंध आज निर्विवाद मानला जातो. साधारणतः ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांत घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात; जिवाणूविरुद्ध सज्ज झालेली प्रतिकारशक्ती हृदयाच्या ऊतींवरच उलटते. सांधे पूर्ववत होतात. द्विदल झडप मात्र कायमची आकुंचित होऊ शकते.

वसाहतकालीन वैद्यकाला भारतात हा रोग फारसा दिसलाच नाही. संधिवाती ज्वर हा थंड, दमट हवेचा आजार, ही धारणा दृढ होती. १९१० साली लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यातील शवविच्छेदनाच्या नोंदी तपासून तो येथे दुर्मिळ असल्याचे मत मांडले. १९३० नंतर देशातील निरनिराळ्या रुग्णालयांतून विरुद्ध पुरावा येऊ लागला, तेव्हा ही धारणा ढासळली. रोगाचा संबंध हवामानापेक्षा दाटीच्या घरांशी व दारिद्र्याशी अधिक होता. शवविच्छेदनगृहात कोण पोहोचते, हा प्रश्न मात्र तेव्हा विचारला गेला नाही.

१९५० साली अमेरिकेतील एका लष्करी तळावरील अभ्यासाने घशाच्या संसर्गावर वेळीच पेनिसिलीन दिल्यास संधिवाती ज्वर टळतो, हे दाखविले. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलीन महाराष्ट्रातच तयार होऊ लागले. त्याच दशकात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आकुंचित झडपांवर शस्त्रक्रिया करीत होते. वैद्यकाच्या इतिहासलेखनाने शस्त्रक्रियेची दखल घेतली. सुईची नाही, आणि हा असमतोल खटकणारा आहे.

कारण एकदा हृदय बाधित झाले की दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन अनेक वर्षे, कधी चाळिशीपर्यंत, घ्यावे लागते. यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु झरी जामणी तालुक्यातील एखाद्या कोलाम पोडावरून दरमहा आरोग्य केंद्र गाठणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडविणे होय. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत या हृदयरोगाचा समावेश आहे. पथक अंगणवाडीत व शाळेत येते. कापूस वेचणीच्या हंगामात पालकांबरोबर शेतावर गेलेले मूल त्या दिवशी हजेरीपटावर गैरहजर असते.