डोळ्यातले कुसळ

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. वाचकहो, आज मात्र खऱ्याखुऱ्या कुसळाची हकीगत सांगतो. मी वैद्य नव्हे, इतिहासाचा मास्तर आहे. पण या कुसळालाही इतिहास आहे.

जर्मनीतल्या गॉटिंगेन येथील प्राध्यापक थिओडोर लेबर यांनी तो प्रथम १८७९ साली प्रसिद्ध केला. ओट नावाच्या धान्याची मळणी करताना एका शेतकऱ्याच्या डोळ्याला फोलपट लागले. बुबुळावर व्रण पडला, आत पू साचला. असे व्रण तेव्हा नवे नव्हते. नवल पुढेच आहे. व्रणातला अंश लेबरसाहेबांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तो काय? बुरशीचे धागे! दमट धान्यावर धरते ती ॲस्परजिलस जातीची बुरशी माणसाच्या डोळ्यात रुजली होती.

कारण कळले, पण औषध कुठे होते? दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातील मातीत सापडलेल्या सूक्ष्म जंतूपासून नाटामायसिन मिळाले, ते १९५५ साली. म्हणजे तब्बल ७६ वर्षांनी! शेतातल्या रोगावर उतारा मातीतच सापडावा, हा योग पाहा. २०१३ साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातील डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह केलेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात व्होरिकोनॅझोल या नव्या औषधापेक्षा हे जुनेच सरस ठरले.

तथापि, त्याची एक मर्यादा आहे. ते वरच्या व्रणावर चालते, डोळ्याच्या आत नीट पोचत नाही. आणि बुरशीचे धागे तर बुबुळ फुटले नसतानाही आत शिरू शकतात. मग डोळ्यातच सुई टोचावी लागते, शस्त्रक्रिया करावी लागते. इतके करूनही कधी डोळा गमवावा लागतो.

आपल्याकडेही ज्वारीचे खळे आहे, उसाचे पाचट आहे. डोळ्याला काही लागले, की आपण पदराचा बोळा करून शेकतो. दुखणे वाढले, तर घरातले उरलेसुरले थेंब घालतो. त्यात स्टेरॉइड असले, तर लाली उतरते, बरे वाटते, आणि आत बुरशीला मोकळे रान मिळते.

तेव्हा एवढे करा. डोळा स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि काय लागले, कुठे लागले, ते आठवणीने सांगा. लेबरांच्या शेतकऱ्याला औषध नव्हते. तुम्हाला आहे, फक्त वेळेवर पोचले पाहिजे.