बंद सिमेंट कारखान्याची जमीन: आधी तपासणी, मग मोडणी

तेलंगणात मावला गावाला लागून असलेल्या आदिलाबादमधील सिमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या कारखान्याचे उत्पादन १९९०च्या दशकात थांबले. कारखाना पुन्हा सुरू करायचा की यंत्रे भंगारात काढायची, या वादात जमिनीचा प्रश्न मागे पडतो. वास्तविक तो आधी सोडवायला हवा.

सिमेंट मुख्यतः चुनखडी व मातीपासून बनते, म्हणून अशी जागा निर्धोक मानली जाते. ही समजूत अपुरी आहे. जुन्या सिमेंट कारखान्यात तीन गोष्टी हटकून तपासाव्या लागतात.

पहिली, भट्टीच्या विटा. फिरत्या भट्टीच्या सर्वाधिक तापणाऱ्या भागात पूर्वी मॅग्नेशिया-क्रोम विटा बसवत. तीव्र उष्णता आणि अल्कली यांमुळे त्यांतील काही क्रोमियम षट्संयुजी होते. ते पाण्यात विरघळते आणि कर्करोगाला कारण ठरते. दुसरी, ट्रान्सफॉर्मरचे तेल. जुन्या तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) हे विषारी रसायन असू शकते. २०१६च्या केंद्रीय आदेशाने त्याच्या वापरासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची मुदत ठरवली. तिसरी, ॲस्बेस्टॉसचे पत्रे.

हे तिन्ही पदार्थ जागच्या जागी अखंड असतात, तोवर धोका मर्यादित राहतो. विटा फोडल्या, तेल जमिनीवर सांडले, पत्रे तोडले की तो हवा, माती आणि पाण्यात पसरतो. म्हणजे निष्काळजी मोडणी हीच प्रदूषणाची नवी सुरुवात ठरते. या भागातील काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी त्यांतून खोल जाते. खाली चुनखडी असेल, तर तिच्या फटींमधून ते विहिरींपर्यंतही पोहोचू शकते.

म्हणून क्रम असा हवा: मोडणीपूर्वी घातक साहित्याची यादी, मग मातीचे नमुने, तसेच पावसाळ्याआधी व नंतर विहिरींच्या पाण्याची तपासणी, त्यानंतर जमिनीच्या भावी वापराचा निर्णय. घरे किंवा शाळा बांधायच्या असतील तर शुद्धीकरणाची मर्यादा कडक, गोदामासाठी तुलनेने सैल. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. षट्संयुजी क्रोमियम फेरस सल्फेटने कमी घातक, अविद्राव्य रूपात आणता येते. पीसीबी मात्र अतिउच्च तापमानाला किंवा विशेष रासायनिक प्रक्रियेने नष्ट करावे लागते.

उशिराची किंमत भोपाळने दाखवली आहे. १९८४च्या वायू दुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडच्या कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन कचरा २०२५ मध्ये पीथमपूरला जाळला गेला. आवारातील माती व भूजलाचा प्रश्न त्याने सुटला नाही.

प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च सोसावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील बिछडी गावाच्या प्रदूषणावरील १९९६च्या निकालात ठामपणे लागू केले. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे केंद्रीय नियम २०२५ मध्ये आले. आदिलाबादला तर जबाबदार मालक शोधत बसण्याचीही गरज नाही. कारखाना सरकारी कंपनीचा आहे. त्यामुळे तपासणी व शुद्धीकरणाचा खर्च भंगाराच्या लिलावाआधीच अटींमध्ये लिहिला पाहिजे, आणि तपासणीचे निष्कर्ष गावकऱ्यांसमोर मराठी व तेलुगूत मांडले पाहिजेत.