पडद्यामागचं नाटक : 'शांतता'पासून 'वस्त्रहरण'पर्यंत

खुलताबादला इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की लोकांना वाटतं, आता औरंगजेबाची कबर नाहीतर मलिक अंबरचा मकबरा. आज त्या वाटेला जायचं नाही. आजचा विषय आहे पडद्यामागची माणसं, आणि त्या माणसांनाच पडद्यापुढे आणणारी नाटकं.

सुरुवात एका शब्दापासून करू. नेपथ्य. आज आपण नेपथ्य म्हणतो ते सेटला. संस्कृत नाटकात मात्र नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा, जिथे नट रंगतात, वेष करतात. 'शाकुंतला'च्या प्रस्तावनेत सूत्रधार नेपथ्याकडे बघून नटीला हाक मारतो, वेषभूषा उरकली असेल तर बाहेर ये म्हणतो. म्हणजे नाटक सुरू होण्याआधीच कालिदासाने आपल्याला आतला भाग थोडा दाखवला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी तेच 'शाकुंतल' मराठीत आणलं, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात. सूत्रधार-नटीची ही चाल पुढे संगीत नाटकात रूढ झाली. पण ती प्रस्तावनेपुरतीच. दोन अंकी, तीन अंकी नाटक आतल्या भागावरच उभं करायला बराच काळ जावा लागला.

त्यातलं एक मोठं उदाहरण म्हणजे विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. साल १९६७. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, आणि लीला बेणारे झाल्या होत्या सुलभा देशपांडे. मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला एका गावात येते. प्रयोग रात्री आहे. मधला वेळ रिकामा आहे. गावातल्या सामंतला कोर्टाची पद्धत समजावी म्हणून गंमतीत एक खोटा खटला उभा करतात, आणि आरोपी करतात बेणारेबाईंना. आता बघा, रात्रीचा प्रयोग आपल्याला दिसतच नाही. दिसते ती तालीम. पण गंमत म्हणून सुरू झालेल्या त्या तालमीत बाईचं खासगी आयुष्य चव्हाट्यावर येतं. प्रेक्षक समोर नाहीत म्हटल्यावर सभ्य माणसं काय बोलतात, ते तेंडुलकरांनी दाखवलं.

आता दुसरं टोक. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण', १९८०. योगायोग असा की किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ला तेव्हा शंभर वर्षं होत होती. या नाटकाचं आधीचं नाव होतं 'आज काय नाटक होवचा नाय'. नावातच सगळं आलं! कोकणातल्या एका गावात द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवायचंय. तात्या सरपंच कारभारी. मास्तर सांगतो एक, नट करतात भलतंच. पाठांतराची बोंब. पौराणिक भारदस्त भाषा बोलता बोलता धडाधड मालवणी बाहेर पडते. मच्छिंद्र कांबळींनी तात्या सरपंच उभा केला. सुरुवातीला प्रयोगांना गर्दी नव्हती. पुढे पु. ल. देशपांडेंनी नाटक पाहिलं, कौतुकाचं पत्र लिहिलं, आणि वारं फिरलं. प्रयोग पाच हजारांच्या पुढे गेले. लंडनलाही झाले.

तिकडे इंग्लंडात १९८२ साली मायकेल फ्रेन यांचं 'नॉइजेस ऑफ' आलं. आपलंच एक नाटक विंगेतून बघताना त्यांना वाटलं, समोरून दिसतं त्यापेक्षा मागून दिसतं ते जास्त मजेशीर आहे. त्यांनी दुसऱ्या अंकात सेटच उलटा फिरवला. ते नाटक जगभर गाजलं. आपलं 'वस्त्रहरण' त्याच्या दोन वर्षं आधीचं, हे ध्यानात ठेवा.

पण दोघांच्या हसण्यात फरक आहे. फ्रेनच्या नाटकात यंत्र बिघडतं त्याचं हसू येतं. दार अडकतं, वस्तू हरवते, वेळ चुकते. 'वस्त्रहरण'मध्ये भाषा घसरते. आणि ती घसरते म्हणजे काय, तर माणूस आपल्या घरच्या बोलीवर येतो. तोवर मुंबईच्या नाटकात मालवणी बोलणारा म्हणजे बहुतेक वेळा घरगडी, घटकाभर हसवून आत जाणारा. इथे तोच मालवणी माणूस पूर्ण नाटकभर रंगमंचावर राहिला. प्रेक्षक त्याला हसला, पण त्याच्याच भाषेत हसला. माझ्या मते 'वस्त्रहरण'चं इतिहासातलं महत्त्व हे आहे. प्रयोगांचा आकडा त्यानंतर.

आता हे कोकणातलं प्रकरण मराठवाड्यात कशाला सांगायचं? तर आपल्याकडेही जत्रेत, उत्सवात गावकऱ्यांनी नाटकं केली. राजा कोण झाला होता ते गावाला आठवतं. पण पडदा कोण ओढायचं? विंगेत वही धरून प्रॉम्प्टिंग कोण करायचं? गॅसबत्तीला हवा कोण भरायचं? लुगडी कुणाच्या घरून यायची? ती देणाऱ्या बाईला नाटक बघायला तरी मिळायचं का? इथून घाट उतरला की वेरूळ. कैलास कोणत्या राजाने कोरवून घेतला ते आपण सांगतो, कृष्णराज राष्ट्रकूट. छिन्नी धरणाऱ्या हातांची नावं कुठे आहेत? ती आता मिळायची नाहीत. नाटकवाल्यांची मात्र अजून मिळतील, कारण त्यातले काही जण आज ऐंशीच्या घरात आहेत, आपल्याच गल्लीत आहेत.

म्हणून एकच विनंती. घरी गेल्यावर म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि वहीत उतरवून ठेवा. साल, नाटकाचं नाव, आणि पडदा ओढणाऱ्याचं नाव. फोटो असेल तर त्यामागे नावं लिहा. गवाणकरांना आपला गाव माहीत होता म्हणून ते नाटक झालं. आपला गाव आपण लिहून ठेवला, तर उद्या इथलंही कुणीतरी लिहील, इथल्या बोलीत.

इथेच थांबतो.