भिंतीआडच्या मुलांकडे बघायचे कोणी?

चोरीमारीत सापडलेले पोर पोलिसांनी नेले, की पुढे त्याचे काय झाले हे आपण बायका सहसा विचारत नाही. 'सरकार बघेल' म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. पण सरकार खरेच बघते का, हे तपासायचे कोणी?

मुंबई इलाख्याने १९२४ साली मुलांसाठी वेगळा कायदा केला. आमचे बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात. पण प्रांताप्रांतांत सगळे वेगवेगळे. कायदा असूनही लहान मुले मोठ्यांच्या तुरुंगात सापडत. शीला बर्से या पत्रकार बाई हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८६ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने बजावले, की सोळा वर्षांखालच्या मुलांना तुरुंगात ठेवू नका. राज्याराज्यांत वेगळे नको, संसदेनेच एक कायदा करावा. त्याच वर्षी बालन्याय कायदा झाला आणि २ ऑक्टोबर १९८७ पासून लागू झाला.

या कायद्यात राज्याच्या सल्लागार मंडळाची सोय होती. मुलांची गृहे कशी चालवावी, साधने कुठून आणावी, मुलांना शिकवून पुन्हा उभे कसे करावे, सरकारी नि बिनसरकारी संस्थांचा मेळ कसा घालावा, हे मंडळाने सांगायचे. शिवाय प्रत्येक गृहाला भेट देऊन सरकारला अहवाल देण्यासाठी तीनपर्यंत बिनसरकारी माणसे नेमता येत. पुढे २००० च्या कायद्याने मंडळात समाजसेवक, स्वयंसेवी संस्था, प्राध्यापक, डॉक्टर यांनाही जागा दिली.

वाचायला किती छान! पण मेख होती क्रियापदात. सरकार मंडळ 'नेमू शकेल' असे लिहिले होते, 'नेमलेच पाहिजे' असे नव्हे. घरातलेच बघा ना, 'जमलं तर करते' म्हटलेले काम कधी वेळेवर झालेय का?

बर्सेबाईंच्या खटल्यातही तारखांवर तारखा पडत गेल्या. वैतागून त्यांनी अर्ज मागे घ्यायचे ठरवले. १९८८ साली न्यायालयाने त्याला नकार दिला. त्यांना बाजूला करून खटला पुढे चालू ठेवला. मुलांचा प्रश्न एका बाईचा खासगी नाही, सगळ्यांचा आहे, असा त्याचा अर्थ.

२०१५ च्या कायद्यातून सल्लागार मंडळ गेले. देखरेख राज्यांच्या बालहक्क आयोगांकडे आली. गृहांच्या तपासणीसाठी राज्य आणि जिल्हा समित्या मात्र सक्तीच्या झाल्या. तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची, कमीत कमी तिघांनी जायचे, त्यांत एक बाई आणि एक वैद्यकीय अधिकारी हवाच, आणि आठवड्यात अहवाल द्यायचा. तरी फेब्रुवारी २०१८ मध्ये, संपूर्णा बेहुरा यांच्या २००५ पासून चाललेल्या खटल्यात, आयोगांमधल्या रिकाम्या जागा भरा म्हणून सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. मंडळ म्हणा, आयोग म्हणा, खुर्चीत माणूसच नसेल तर नजर कोण ठेवणार?

आपण इंदूरला असू, पणजीला असू, बेळगावला असू. कायदा एकच, पण समिती ज्या त्या राज्याने नेमायची. तिच्यात बाईची जागा आता कायद्यानेच राखलेली आहे. ती बाई कोण, ती शेवटची कधी जाऊन आली, मुलांशी एकटीने बोलली का, की ऑफिसात चहा घेऊन सही करून परतली, हे आपल्या महिला मंडळाने जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारायला काय हरकत आहे? आणि तिथे कोणीच नेमलेले नसेल, तर आपल्यातलीच एखादी पुढे का होऊ नये?